शेळीच्या तोंडी शब्द घालू नयेत

प्रति,
मराठी दिवाळी अंकांचे आणि मुलांच्या मासिकांचे सर्व संपादक,
मुक्काम पुणे, किंवा जिथे असाल तिथे.

विषय : चित्रकथेच्या पानांवर परस्पर संवाद न घालण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या कार्यालयांतून साहित्य पाठवताना एक तक्ता भरून मागतात. नाव, पत्ता, बँक खाते, साहित्यप्रकार, शब्दसंख्या. या शेवटच्या रकान्यात मी शून्य लिहिते. दोन दिवसांनी फोन येतो. "मॅडम, शब्दसंख्या भरायची राहिलीय." राहिली नाही, शून्यच आहे. "म्हणजे मजकूर नंतर पाठवणार का?" मजकूर नाहीच, चित्रकथा आहे. "हो, पण चित्रकथेतले संवाद?" नाहीत. मग पलीकडे जरा वेळ शांतता पसरते. मला तेवढीच शांतता अंकाच्या सहा पानांवर हवी असते, ती फोनवर मिळते.

ईमेल झाले, फोन झाले, एका प्रकाशन समारंभात बटाटेवड्याच्या रांगेत गाठूनही सांगून झालं. म्हणून आता सगळ्यांना मिळून हे एकच पत्र.

आधी शेळीविषयी. पाचेक वर्षांपूर्वी रास्ता पेठेतल्या एका सिग्नलला माझ्या स्कूटरशेजारी एक रिक्षा येऊन थांबली. मागच्या सीटवर एकटी शेळी. बांधलेली नाही, घाबरलेली नाही, सासरी निघालेल्या बाईसारखी ऐसपैस बसलेली. रिक्षावाले काका समोर बघत होते. शेळीने मान पुढे काढली, काकांच्या खांद्यावरून वाकून देवाच्या फोटोला घातलेल्या माळेतलं एक झेंडूचं फूल खाल्लं आणि मान मागे घेतली. काकांनी वळून पाहिलं तेव्हा ती बाहेरची रहदारी बघत होती. काकांनी माळेकडे पाहिलं, शेळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. सिग्नल सुटला. एका मिनिटाचा मामला, कोणी चकार शब्द काढला नाही, आणि मी घरी पोचेपर्यंत हसत होते.

तेव्हापासून मी त्या दोघांना काढतेय. माझ्या काकांच्या खाकी शर्टाचं वरचं बटण कायम गायब असतं. ते कुठे गेलं हे पहिल्याच गोष्टीत कळतं. शेळी मागच्या सीटवर असते, गिऱ्हाईक असलं तरी. तशी ती दुष्ट नाही. तिला कागद आवडतो, इतकंच. गिऱ्हाइकाच्या हातातली लग्नपत्रिका, वाहतूक पोलिसाचं पावतीपुस्तक, कोणाचा तरी अर्ज तीन प्रतींत. आणि पुण्यात राहत असल्यामुळे तिचं मुख्य अन्न म्हणजे पुठ्ठ्यावरच्या पाट्या. एका किराणा दुकानाबाहेर 'उधारी बंद आहे' असा पुठ्ठा टांगलेला असतो. ती त्यातला मधलाच शब्द खाते. पुढच्या चौकटीत दुकानापुढे पार चौकापर्यंत रांग. (पाटीवरचे हे तीन शब्द शब्दसंख्येत धरायचे का, आणि धरले तर खाल्लेला एक वजा करायचा का, हे मी तुमच्या हिशेबनिसांवर सोडते.)

आता तक्रार. दोन वर्षांपूर्वी ही पाटीची गोष्ट एका अंकात छापून आली. कोणत्या ते सांगत नाही. त्यांनी मानधन वेळेवर दिलं होतं आणि दिवाळी अंकांच्या जगात ही गोष्ट लहान नव्हे. अंक हातात आला, पान उघडलं, तर शेळी बोलत होती. पहिल्या चौकटीत तिच्या डोक्यावर फुगा : "अरे वा! किती छान पाटी!" दुसऱ्या चौकटीत : "आता मी ही खाणार, हं!" तिसऱ्यात, खाता खाता : "मच् मच्, किती चविष्ट!" काकांच्या तोंडी "अगं लबाडे!" आणि सहाव्या पानाच्या तळाशी, ठळक टायपात : "तात्पर्य : दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये."

शेळीला हात नसतात हो.

'शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड' ही म्हण मला त्या दिवशी नीट कळली. माझ्या शेळीला तुम्ही बोलतं केलंत आणि वर मला फोन करून म्हणालात, "आता कशी रंगत आली!"

आमच्या इमारतीच्या वॉचमनची मुलगी तेव्हा नुकतीच पहिलीत गेली होती, अक्षराला अक्षर जोडून वाचायला लागलेली. या गोष्टीचे कच्चे कागद तिने उन्हाळ्यात माझ्या टेबलावर पाहिले होते आणि पोट धरधरून हसली होती. छापलेली पानं तिने बोट ठेवून वाचली, एकेक फुगा, शेवटपर्यंत, तात्पर्यासकट. हसली नाही. मग मला म्हणाली, "हिला बोलता येत होतं तर मग हिने विचारून का नाही खाल्लं?"

माझं सगळं म्हणणं तिने एका वाक्यात आटोपलं. पण तुम्ही शब्दसंख्येची माणसं, म्हणून सविस्तर सांगते.

मुक्या जनावराची खोडी ही खोडी असते, कारण त्याच्याकडे दुसरा मार्ग नसतो. ते मागू शकत नाही, माफी मागू शकत नाही, 'मी नाही केलं' असं सांगूही शकत नाही. फार तर दुसरीकडे बघू शकतं. त्याच्या तोंडी वाक्य घातलंत की ते जनावर राहत नाही, आगाऊ माणूस होतं. आणि आगाऊ माणसं या शहरात काय कमी आहेत, त्यांना बघायला अंक कशाला विकत घ्यावा लागतो?

आपल्याकडे प्राणी बोलायला लागले त्याला काळ लोटला, हे मला मान्य आहे. पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे कोल्हे आहेत की मंत्रालयातले सचिव, असा प्रश्न पडतो. मराठी छापखाने नवे होते तेव्हा, १८२८ साली, सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसपनीतीच्या कथा मराठीत आणल्या. म्हणजे मुलांसाठी मराठीत छापलेल्या पहिल्यावहिल्या पुस्तकांतच कोल्हे-कावळे बोलते झाले आणि शेवटी तात्पर्य आलं. ती गोष्ट वाईट नव्हती. मीही त्यावरच वाढले. पण दोनशे वर्षं होत आली. इतक्या काळात एखाद्या प्राण्याला नुसती खोडी करून निघून जायची मुभा मिळायला हरकत नव्हती.

आणि मुका सोबतीही आपल्याच घरचा आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, एकही उपदेश करत नाही. गणपतीत मांडवात मोठी माणसं मूर्तीची उंची आणि लायटिंग बघत असतात. तीन-चार वर्षांचं पोर मात्र खाली उंदीर शोधतं आणि त्याच्या हातात मोदक आहे का ते बघतं. महाप्रस्थानात धर्मराजाच्या मागून तो कुत्रा सगळी वाट मुकाट चालत येतो. भाऊ पडतात, द्रौपदी पडते, हा आपला मागे आहेच. शेवटी तो साक्षात यमधर्म म्हणून प्रकट होतो आणि लगेच बोलायला लागतो. तिथे मला तो किंचित कमी आवडतो.

शिवाय तुम्ही पुण्यातले संपादक आहात, तुम्हाला हे मी सांगायचं? शि. द. फडणीस यांचं नाव घेतल्याशिवाय तुमच्यापैकी एकाचंही भाषण पुरं होत नाही. १९२५ साली जन्मलेल्या या माणसाने पुण्यात बसून आयुष्यभर शब्दांवाचून हसवलं. अनंत अंतरकरांच्या 'मोहिनी'चं ते मुखपृष्ठ आठवा, एकाच्या कपड्यांवर मांजरं आणि दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर. त्याखाली कोणी लिहिलं होतं का, "पाहा, मांजर उंदराकडे बघत आहे"? पुढे बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत त्यांची चित्रं आली. ज्या विषयाला पोरं घाबरायची तिथे हसरी चित्रं! ते स्वतः आपल्या कामाला व्यंगचित्र नाही तर हास्यचित्र म्हणत, तो फरक तुम्ही अग्रलेखात समजावून सांगता आणि संध्याकाळी मला फोन करून विचारता, "दोन-दोन ओळी तरी टाकता का खाली?"

बालभारतीच्याच रस्त्यावर, सेनापती बापट रस्त्याला, सिंबायोसिसच्या आवारात आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनचा पुतळा उभा आहे. तोही कधी बोलला नाही. त्याची बायको बोलायची, पुढारी बोलायचे, तो चौकड्यांच्या कोटात उभा राहून बघायचा. त्याच्या तोंडी एक वाक्य घातलं असतं तर तो नुसता एक वैतागलेला म्हातारा झाला असता आणि वैतागलेल्या म्हाताऱ्यांचे पुतळे पुण्यात उभारायचे म्हटले तर जागा पुरायची नाही.

आता थोडं कारागिरीचं, कारण 'शब्द नाहीत म्हणजे काम कमी' असा समज तुमच्या हिशेब विभागात पक्का आहे. उलट आहे. 'शेळीला भूक लागली' असं लिहायचं तर एक चौकट पुरते. तेच न लिहिता दाखवायचं तर मला चार चौकटी लागतात. शिवाय त्या चारही चौकटी एकाच जागेवरून काढाव्या लागतात. तीच रिक्षा, तोच कठडा, तीच टपरी, तोच झाडाचा फाटा. एखाद्या चौकटीत खांब जरा सरकला तर वाचणारा खांबाकडे बघतो आणि शेळीचा कान वर झालेला त्याच्या नजरेतून निसटतो. काही हलू नये म्हणून मी ट्रेसिंग पेपर ठेवून ठेवून काढते. मग जे एकच हलतं ते दिसतं.

शेळीचा चेहरा ही दुसरी कसोटी. तिची बाहुली आडवी असते, मांजरीसारखी उभी किंवा आपल्यासारखी गोल नाही. त्यामुळे ती नेमकी कुठे बघतेय हे माणसाला चटकन कळत नाही. पहिलं वर्षभर मी याच्याशी झगडले. मग ध्यानात आलं की हीच तर तिची खुबी. चोरी करताना आणि चोरी झाल्यावर तिची नजर तशीच, निर्मळ. राग, लोभ, आनंद सगळं मला कानांवर आणि मानेवर काढावं लागतं. ग्रॉमिट नावाचा मातीचा कुत्रा तुमच्या मुलांनी पाहिला असेल, १९८९ सालापासून पडद्यावर आहे. त्याला तर तोंडच नाही, सगळा अभिनय कपाळावर. माझ्या शेळीला तोंड आहे, पण ती सतत रवंथ करते. आणि यातच सगळी गंमत भरली आहे. पाटी गायब झाली, काका वळले, शेळी चघळतेय. पण ती तर पाटी असतानाही चघळतच होती! पुरावा काही नाही. संशयाचा फायदा आरोपीला. "मच् मच्, किती चविष्ट" असं तिच्याकडून वदवून तुम्ही तिचा कबुलीजबाब घेतलात.

(जाणकार पत्र लिहितील त्याआधीच सांगून टाकते : खरी शेळी वाटेल ते खात नाही. ती ओठांनी चाचपून बघते आणि निवडून निवडून कोवळा पाला खाते. पाट्या खाणारी शेळी माझी.)

तिसरी गोष्ट जागेची. सोबती हा चौकटीच्या कडेला हवा. मध्ये काका. त्यांचं गिऱ्हाइकाशी भाड्यावरून हातवारे करून चाललंय, आणि खरी गोष्ट मागे, उजव्या कोपऱ्यात, अंगठ्याएवढ्या जागेत घडतेय. फ्रेंच चित्रकथांत ॲस्टेरिक्स आणि ओबेलिक्सच्या मागे फिरणारा तो छोटा पांढरा कुत्रा असाच आला. साठच्या दशकात त्यांच्या देशभर भटकण्याची जी गोष्ट मासिकातून क्रमशः आली, तीत तो पॅरिसपासून पानामागून पान त्यांच्या मागे चालत राहतो आणि दोन्ही नायकांना त्याचा पत्ताच नाही. थेट शेवटच्या मेजवानीला ओबेलिक्सचं लक्ष जातं. वाचकांना मात्र तो केव्हाच दिसलेला होता, इतका की त्याला कायमचं ठेवावं लागलं, आणि नाव शोधायला मासिकाने वाचकांचीच स्पर्धा घेतली. माझ्या शेळीलाही मी नाव दिलेलं नाही. तिला कोणी हाक मारत नाही, मग नाव कुठून येणार? आमच्या इमारतीत तिची तीन नावं आहेत. तुम्ही छापलेल्या अंकात ती 'खट्याळ चिमी' झाली, त्यामुळे आता तीनही पोरं माझ्यावर नाराज आहेत.

या पोरांविषयी जरा. एक वॉचमनची, मूळ गाव नांदेडकडचं. एक तिसऱ्या मजल्यावरचा, घरात तमिळ, शाळेत इंग्रजी, जिन्यात मराठी. एक पहिल्या मजल्यावरची, अस्सल पुणे ३०, चार वर्षांची, अजून अक्षरओळख नाही. तिघांना एकच पान एकाच वेळी वाचता येतं, असं माझ्या घरात दुसरं काहीच नाही. आणि ती कशी वाचतात ते एकदा येऊन बघा. मोठा माणूस पान उघडतो, शब्द शोधतो, सापडत नाहीत, तीन सेकंदांत पान उलटतो आणि म्हणतो, "छान आहे." पोरं एका पानावर दहा मिनिटं बसतात. चारवर्षीय बाईंनी मला दाखवून दिलं की तिसऱ्या चौकटीत टपरीच्या मागून शेळीची शेपटी दिसते आणि चौथीत दिसत नाही, म्हणजे ती तेव्हाच निघाली. शेपटी काढायची मी विसरले होते. मी गप्प बसले. तिचं बरोबर होतं.

एकदा तिची पणजी खाली येऊन बसली. नव्वदीला टेकलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. पोरांनी त्यांच्या मांडीवर कागद ठेवले. त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन एकेक चौकट पाहिली आणि मग सगळी गोष्ट पोरांना सांगितली, जी मी काढलीच नव्हती : शेळीला म्हणे काकांची कारभारीण मरताना सांगून गेली होती, ह्यांच्याकडे लक्ष ठेव, ह्यांना कोणी उधार-उसनवारी नाकारू नये. म्हणून ती पाटी खाते. मी माझी चित्रं पुन्हा पाहिली. कुठेही याला विरोध नव्हता. रिक्षात फोटो होताच.

म्हणून तुम्ही जेव्हा म्हणता की "मराठी टिकायची तर मुलांपुढे मराठी शब्द नकोत का?" तेव्हा मला त्या आजींची ती पंचवीस मिनिटं आठवतात. कागदावर तीन शब्द होते, त्यातला एक खाल्लेला, आणि खोलीत मराठी नुसती वाहत होती. तमिळ पोराने त्या दिवशी 'उसनवारी' हा शब्द उचलला. आता तो माझ्याकडे खोडरबर उसनवारीवर मागतो. आपल्या भाषेला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला आहे. सहा पानं गप्प बसल्याने तिचं काही बिघडणार नाही.

"पान रिकामं वाटतं" या आक्षेपावर मी बोलणार नाही. ज्या अंकात पान तीनवर प्लायवुडची, पान चारवर सोन्याची आणि पान पाचवर पुन्हा प्लायवुडची जाहिरात असते, त्याला रिकाम्या जागेची भीती कशाला?

"परदेशात चालतं, आपल्याकडे नाही" हा दुसरा. डेन्मार्कमध्ये १९३७ साली फर्डिनंड नावाच्या गृहस्थाची मालिका सुरू झाली. टोपी, बायको, मुलगा आणि कुत्रा, संवाद नाहीत. ती देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत गेली, कारण भाषांतराचा खर्चच नव्हता. तुम्ही इतक्या वेळा 'मराठी साहित्य जगापुढे गेलं पाहिजे' असे परिसंवाद घेता. माझी शेळी उद्या सकाळच्या गाडीने निघू शकते, तिला दुभाषा लागत नाही. फक्त पाट्या तिकडच्या लिहून घ्याव्या लागतील.

मागणं फार नाही. अंकात सहा पानं द्या, नसतील तर चार, पण सलग द्या. मध्ये मसाल्याची जाहिरात आली की शेळी त्या पानावरून चालत पलीकडे पोचत नाही. फुगे घालू नका. तात्पर्य तर नकोच. चित्रं लहान करून एका पानात बारा कोंबू नका, कारण कोपऱ्यातली अंगठ्याएवढी शेळी मग मुंगी होते. आणि मानधन शब्दांवर नको, चौकटींवर द्या. उंटावरून शेळ्या हाकणं तुम्हाला जमतंच. निदान शेळ्या किती, ते तरी मोजा.

या वर्षीची गोष्ट तयार आहे. काका आणि शेळी व्याख्यानाला जातात. वक्ते बोलायला उभे राहतात, हातात भाषणाचे कागद आहेत आणि पहिल्या रांगेत कोण बसलंय ते तुम्हाला कळलंच असेल. श्रावण संपायच्या आत फाईल पाठवते. तक्त्यात शब्दसंख्या शून्य असेल, फोन करू नये.

राहता राहिला अनुक्रमणिकेचा प्रश्न. तिथे गोष्टीला शीर्षक लागतंच, असं तुमच्यापैकी दोघांनी कळवलंय. त्यावर उपाय केला आहे. बारा पॉइंटाच्या एका ओळीत बसेल एवढी शेळी काढून सोबत जोडली आहे. ती डावीकडे बघतेय, म्हणजे पान क्रमांक तिच्या पाठीमागे येईल. तो ती खाणार नाही.

आपली,
शेळीवाली
नारायण पेठ, पुणे ३०